विटांचे घर आणि घड्याळाचा मनोरा

कोरोंको हे हंगेरीतील ग्योर शहराजवळचे एक खेडे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडणाऱ्या या गावात १८७५ साली ज्युलियस सीझर न्यूमन यांचा जन्म झाला. गावात विटांनी बांधलेले घर एकच होते, ते न्यूमन कुटुंबाचे. त्याच घरात गावाची मद्यशाला चालत असे. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक आणि मागच्या खोलीत संसार अशी ती राहणी होती. घर आणि धंदा एकाच छपराखाली असतो, हे ज्युलियस यांनी लहानपणीच पाहिले. त्यांनी सुरू केलेली जे. सी. न्यूमन सिगार कंपनी आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हाती आहे आणि अमेरिकेतील एकाच घराण्याकडे राहिलेल्या उंची सिगारच्या कंपन्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते. तिची सव्वाशेहून अधिक वर्षांची वाटचाल सांगताना त्या विटांच्या घरापासूनच निघावे लागते, कारण ते घर या कथेत पुन्हा पुन्हा परत येते.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूमन कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेत आले आणि ईरी सरोवराकाठच्या क्लीव्हलँड शहरात स्थिरावले. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होता. भाषा परकी, गाठीला पैसा नाही, तेव्हा हाताला काही कसब हवे म्हणून आईने त्याला सिगार वळणाऱ्या कारागिराकडे शिकायला घातले. आईचा हा निर्णय या घराण्याच्या इतिहासातला पहिला महत्त्वाचा निर्णय होय.

हे कसब दोन दिवसांत येणारे नव्हे. मराठीत जुन्या पिढीने सिगारला चिरूट म्हटले. वरून ती तंबाखूची साधी सुरळी दिसते. प्रत्यक्षात तिच्यात तीन थर असतात. आत भरणाची पाने, त्यांना धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वर आवरणाचे पान. कारागीर भरणाची पाने तळहातावर अशी दुमडतो की त्यांच्यामधून वाऱ्याला वाट राहील. मूठ जास्त घट्ट पडली तर ओढ बसत नाही, सैल पडली तर सिगार भराभर जळून जाते. मग बांधणीचे पान गुंडाळून ती सुरळी लाकडी साच्यात दाबली जाते. आवरणाचे पान सर्वांत महागाचे. रेशमासारखे पातळ आणि एकही भोक नसलेले हे पान पातळ पात्याने एका फटकाऱ्यात कापून, ताणत ताणत, तिरके गुंडाळत न्यायचे आणि टोकाशी डिंकाच्या बोटाने टोपी बसवायची. डाव्या अंगाचे पान डावीकडून गुंडाळायचे आणि उजव्या अंगाचे उजवीकडून, म्हणजे शिरा सिगारच्या लांबीने येतात. हे सगळे डोळ्यांपेक्षा बोटांना कळावे लागते.

१८९३ च्या आर्थिक घबराटीने अमेरिकेतील पुष्कळ धंदे बसले होते. त्याच पडत्या काळात, १८९५ साली, वीस वर्षांच्या ज्युलियस यांनी थोडे कर्ज उचलून घरामागच्या कोठारात स्वतःचे काम सुरू केले. पहिली मागणी आली ती घरच्या नेहमीच्या किराणा दुकानदाराकडून, ५०० सिगारींची. त्या काळी एकट्या क्लीव्हलँडमध्ये सिगार करणारे सुमारे ३०० जण होते. बहुतेकांचे कारखाने असेच घरच्या ओसरीत, माळ्यावर किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत चालत. त्यांतला एक कोठारातला पोरगा, एवढीच त्यांची ओळख होती. स्वतः पान निवडायचे, स्वतः वळायचे आणि स्वतःच दारोदार जाऊन विकायचे, असा त्यांचा दिनक्रम असे. किराणा दुकानदाराचे नाव कंपनीच्या इतिहासात ठळक नाही. पण त्याने घरच्या मुलावर दाखवलेला विश्वास नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

कोठार लवकरच अपुरे पडले. माणसे आली, कारखाना झाला, शहराबाहेरची गिऱ्हाइके मिळाली. न्यूमन यांनी नव्याची भीती बाळगली नाही. सिगार करणारी विजेची यंत्रे आली तेव्हा ती घेणाऱ्या आणि सिगार सेलोफेनच्या पारदर्शक कागदात गुंडाळून विकणाऱ्या आरंभीच्या कारखानदारांत ते होते. हातकारागिराने यंत्र घरात आणणे सोपे नसते. आपल्याच बोटांचे मोल आपण कमी करतो आहोत, ही टोचणी त्यात असते. पण पहिल्या महायुद्धानंतर सिगारेटने बाजार व्यापायला सुरुवात केली होती. जे फक्त जुन्या रीतीला धरून बसले, ते क्लीव्हलँडमधले कारखाने एकामागून एक मिटत गेले. १९२७ साली न्यूमन यांनी मेंडेलसन यांच्या कंपनीशी भागीदारी केली आणि दोन्ही आडनावांची आद्याक्षरे घेऊन ‘एम अँड एन’ हे नाव धारण केले. पुढची ७० वर्षे कंपनी याच नावाने ओळखली गेली. दोनच वर्षांत महामंदी आली. लोकांच्या खिशात पैसा उरला नाही, तेव्हा ‘स्टुडंट प्रिन्स’सारख्या स्वस्त सिगारींनी कारखान्याची धुगधुगी टिकवली.

मंदीच्या त्या दशकातच दुसरी पिढी कामाला लागली. १९१६ साली जन्मलेले स्टॅनफर्ड न्यूमन ऐन विशीच्या उंबरठ्यावर वडिलांच्या हाताखाली आले. १९३७ साली ज्युलियस यांनी ‘ब्रिक हाउस’ नावाची सिगार काढली. हे नाव कोरोंकोच्या त्या घराचे होते. साठीला पोहोचलेल्या, अमेरिकेत जम बसवलेल्या या माणसाने गावातल्या एकुलत्या एक विटांच्या घराची आठवण अशी डब्यावर छापली. पुढे ही सिगार बाजारातून नाहीशी झाली, परंतु नाव घरात राहिले.

दुसरे महायुद्ध संपले, स्टॅनफर्ड लष्करी सेवा करून परतले आणि त्यांच्यापुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. उत्तम पान क्युबात पिकते आणि आपण बसलो आहोत हजारो किलोमीटर उत्तरेला, थंड सरोवराकाठी. सिगारच्या धंद्यात शेवटी पान ज्याच्या हाती त्याची सरशी होते. क्युबाच्या पानाच्या गासड्या ज्या बंदरात उतरत, ते बंदर होते फ्लॉरिडातील टॅम्पा. १९५४ साली, जवळजवळ सहा दशके क्लीव्हलँडमध्ये धंदा केल्यावर, न्यूमन घराण्याने तिथला मुक्काम हलवला आणि पानामागे दक्षिणेची वाट धरली. ज्युलियस तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्या वयात दुसऱ्यांदा देशांतरासारखे स्थलांतर करायला संमती देणारा संस्थापक विरळाच.

टॅम्पाची थोडी हकीकत इथे सांगणे अगत्याचे आहे. १८८० च्या दशकाच्या मध्यावर विसेंते मार्तिनेस ईबोर या स्पॅनिश कारखानदाराने शहराच्या कडेला वसाहत उभारली, तिचेच नाव ईबोर सिटी. क्युबन, स्पॅनिश आणि सिसिलीहून आलेले इटालियन कामगार इथे आले आणि त्यांनी टॅम्पाला ‘सिगार सिटी’ केले. १९२९ च्या सुमारास या शहरातून वर्षाला ५० कोटी सिगारी बाहेर पडत. कारखान्यांच्या इमारती लांबट आणि अरुंद बांधल्या जात. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून असत आणि त्यांना ओळीने मोठ्या खिडक्या असत, म्हणजे पानाचा रंग निवडायला दिवसभर सारखा उजेड मिळे. शेकडो कारागीर बाकांवर ओळीने बसून वळत आणि त्यांच्या मधोमध उंच चौथऱ्यावर बसून एक वाचक खणखणीत आवाजात वाचून दाखवी. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचकाचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत आणि कोणते पुस्तक वाचायचे हेही तेच ठरवत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा माणसांनी हात चालू ठेवून युरोपातल्या थोर कादंबऱ्या कानांनी वाचल्या. हे वाचन फार राजकीय होते आहे असे ठरवून १९३१ साली कारखानदारांनी वाचक काढून टाकले. कामगारांनी त्यावर काम बंद ठेवले, पण ती प्रथा परत आली नाही. चौथऱ्याच्या जागी रेडिओ आला. न्यूमन घराणे टॅम्पात येईपर्यंत हे सगळे मागे पडले होते. त्यांना वारशात मिळाली ती इमारत आणि कसबी माणसे.

ती इमारत १९१० साली रेगेन्सबर्ग अँड सन्स या कंपनीने बांधलेली. लाल विटांची, तीन मजली, तळघरात पानाची वखार आणि कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा. घड्याळाला स्पॅनिशमध्ये ‘रेलोह’ म्हणतात, म्हणून सारा ईबोर सिटी तिला ‘एल रेलोह’ म्हणू लागला. हजाराहून अधिक कारागीर जिच्यात एका वेळी बसत अशी ही वास्तू. कामावर जायची वेळ, पोरांच्या शाळेची वेळ, चुलीवर भांडे चढवायची वेळ, सगळे त्या मनोऱ्याच्या घंटेवर चाले. कोरोंकोच्या विटांच्या घरातून निघालेले कुटुंब असे पुन्हा विटांच्या घरात आले.

१९५८ साली टॅम्पाची एक मोठी परंपरा न्यूमन घराण्याकडे आली. आंखेल ला माद्रिद क्वेस्ता या स्पॅनिश कारागिराने पेरेग्रिनो रे यांच्यासह उभी केलेली ‘क्वेस्ता-रे’ ही १८८४ पासूनची सिगार त्यांच्या मुलाने, कार्ल क्वेस्ता यांनी, न्यूमन यांना दिली. स्वस्त सिगारींवर वाढलेल्या कंपनीला प्रतिष्ठेचे नाव मिळाले. त्याच वर्षी ज्युलियस न्यूमन यांचे निधन झाले आणि सूत्रे पूर्णपणे पुढच्या पिढीकडे गेली.

ज्या पानासाठी क्लीव्हलँड सोडले, ते पानच आठ वर्षांत हातचे गेले. क्युबात क्रांती झाली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाशी व्यापारबंदी जाहीर केली. टॅम्पाच्या कारखान्यांच्या पायाखालची जमीन सरकली. वखारीत होते ते पान काटकसरीने वापरून काहींनी एखाद-दोन वर्षे रेटली. कित्येक कारखाने मोठ्या कंपन्यांना विकले गेले, कित्येक बंदच पडले. स्टॅनफर्ड यांनी पर्यायी पानाचा शोध घेतला. पश्चिम आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये पिकणारे, गडद तपकिरी, बारीक दाणेदार पान अमेरिकेत आवरणासाठी वापरणाऱ्या पहिल्या कारखानदारांत त्यांची गणना होते. ज्यांच्या जिभेला पिढ्यान्‌पिढ्या हवानाची चव होती, त्या गिऱ्हाइकांना हे नवे पान पटवणे कर्मकठीण होते. ते पटले, म्हणून क्वेस्ता-रे टिकली.

१९६४ नंतर अमेरिकेत सिगारचा खप उतरणीला लागला तो थेट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. जवळजवळ ३० वर्षांची ही घसरण होती. या काळात बाहेरचे संकट जितके मोठे, तितकाच घरातला प्रश्नही नाजूक होता. धंद्यात अनेक नातेवाइकांचा हिस्सा होता आणि पडत्या धंद्यात पैसा अडकवून ठेवण्याची प्रत्येकाची तयारी असतेच असे नाही. १९८६ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, स्टॅनफर्ड यांनी इतरांचे हिस्से विकत घेतले आणि एरिक व बॉबी या दोन मुलांना बरोबर घेऊन कंपनी एका छपराखाली आणली. निवृत्त होऊन बसायचे वय, आणि धंदा असा की शहाण्या माणसाने हात लावू नये. घराण्याच्या साऱ्या इतिहासात याहून धाडसाचे पाऊल दिसत नाही.

त्याच वर्षी दुसरा हात पुढे आला तो फ्वेंते कुटुंबाचा. आर्तुरो फ्वेंते यांनी १९१२ साली वेस्ट टॅम्पात कारखाना काढला होता. १९२४ साली तो आगीत भस्मसात झाला आणि त्यानंतर तब्बल २२ वर्षांनी, १९४६ मध्ये, आर्तुरो यांनी घराच्या मागच्या पडवीत बसून पुन्हा सुरुवात केली. पुढे निकाराग्वातील क्रांतीच्या धुमश्चक्रीत त्यांचा तिथला कारखाना जळाला. मुलगा कार्लोस यांनी १९८० साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सँटियागो शहरात पुन्हा एकदा पहिल्यापासून उभारणी केली. इतके सोसलेल्या माणसांशी न्यूमन यांनी केलेला व्यवहार सरळ होता. हातवळणीच्या क्वेस्ता-रे सिगारी सँटियागोत फ्वेंते करतील, फ्वेंते यांच्या यंत्रावरच्या सिगारी टॅम्पात न्यूमन करतील. एकाच बाजारात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन घराण्यांनी आपापले अर्धे काम एकमेकांवर सोपवले. हा शब्द दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

कंपनीला १९९५ साली १०० वर्षे झाली. त्या निमित्ताने फ्वेंते यांच्या कारागिरांकडून ‘डायमंड क्राउन’ ही नवी सिगार करवून घेतली गेली. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. ही सिगार ५४ भाग जाडीची होती आणि तेव्हाच्या रुळलेल्या मापांत ती भलतीच जाड वाटली. नेमक्या त्याच काळात अमेरिकेत सिगारची लाट आली. तीन दशके ओस पडलेली दुकाने गजबजली, मागणी पुरवता येईना. लाट दोन-तीन वर्षांत ओसरली आणि घाईने उतरलेले नवखे व्यापारी तिच्याबरोबर वाहून गेले. न्यूमन यांनी या भरतीत कारखाना अवाच्या सवा वाढवला नाही, त्यामुळे ओहोटीचा फटका झेपला. १९९७ साली कंपनीने ‘एम अँड एन’ सोडून संस्थापकाचे नाव परत घेतले. २००१ मध्ये न्यूमन आणि फ्वेंते यांनी मिळून धर्मादाय संस्था काढली. डॉमिनिकन प्रजासत्ताकात तंबाखूच्या शेतांलगतच्या गरीब वस्त्यांत शाळा, दवाखाना आणि स्वच्छ पाण्याची सोय या संस्थेने केली. पान ज्या मातीतून येते तिथल्या पोरांच्या हाती पाटी-पुस्तक देणे, हे या वाटचालीतले सर्वांत समाधानाचे काम म्हणावे लागेल.

स्टॅनफर्ड न्यूमन २००६ साली, नव्वदीत वारले. अखेरपर्यंत त्यांचे कारखान्यात येणे होते. त्यांच्यामागे एरिक आणि बॉबी यांच्यापुढे आलेली संकटे बाजारातली नव्हती, कायद्यातली होती. तंबाखू शरीराला घातक आहे, याबद्दल आता कोणत्याही वैद्यकात दुमत नाही आणि तिच्यावर सरकारचा कर आणि नियंत्रण असणार हे उघड आहे. लहान कारखान्यांपुढचा प्रश्न प्रमाणाचा होता. एप्रिल २००९ मध्ये एका सिगारवरील केंद्रीय कराची कमाल मर्यादा पाच सेंटांहून कमी होती ती ४० सेंटांवर गेली. आधीचे प्रस्ताव काही डॉलरांचे होते, त्यामुळे एवढ्यावर निभावले हेच टॅम्पाने नशीब मानले. २०१६ साली अन्न व औषध प्रशासनाने सिगारही आपल्या नियमांखाली घेतली. १५ फेब्रुवारी २००७ नंतर बाजारात आलेल्या प्रत्येक मालाला नव्याने मंजुरी घ्यावी लागणार होती. मोठ्या कंपनीला हा खर्च पेलतो. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतीत जुनी यंत्रे चालवणाऱ्याला तो कारखान्याच्या किमतीएवढा वाटतो. चौथ्या पिढीचे ड्रू न्यूमन, एरिक यांचे चिरंजीव, पेशाने वकील. या लढ्याची धुरा त्यांच्याकडे आली. ‘सेव्ह सिगार सिटी’ ही मोहीम उभी राहिली, टॅम्पाकर पाठीशी राहिले. उद्योगातील संघटना न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने उंची सिगारींपुरते ते नियम रद्द ठरवले. न्यायाधीश होते अमित मेहता, जन्माने गुजरातेतील पाटणचे. मात्र त्या निकालातल्या उंची सिगारच्या व्याख्येत ती हाताने केलेली असावी ही अट होती, म्हणून एल रेलोहच्या यंत्रांवरचा माल त्या सवलतीत बसला नाही.

लढाई चालू असताना उभारणीही थांबली नव्हती. पहिल्यांदा निघाल्यानंतर सत्तराहून अधिक वर्षांनी, २००९ मध्ये, ‘ब्रिक हाउस’ हे नाव पुन्हा बाजारात आले, निकाराग्वात वळलेल्या सिगारवर. पाठोपाठ तिथल्या एस्तेली शहरात न्यूमन यांनी स्वतःचा हातवळणीचा कारखाना थाटला. २०१९ मध्ये ‘द अमेरिकन’ निघाली. तिचे आवरणाचे पान फ्लॉरिडात पिकवलेले, बांधणीचे कनेक्टिकटचे, भरण पेनसिल्व्हानियातील मेनोनाइट शेतकऱ्यांकडचे. फ्लॉरिडात तंबाखूची शेती जवळजवळ मोडून गेली होती. सगळे पान बाहेरून आणायची सवय लागलेल्या धंद्यात देशातल्या देशात पूर्ण सिगार करणे हा नादिष्टपणाच होता, पण तो नाद घराण्याला शोभणारा होता.

२०२० मध्ये एल रेलोहचे नूतनीकरण पूर्ण झाले. पूर्वी बंद पडलेले मनोऱ्याचे घड्याळही आता चालू आहे. इमारतीत संग्रहालय झाले आणि पाहुण्यांना कारखाना हिंडून पाहता येऊ लागला. टॅम्पात एके काळी सिगारचे दीडशेच्या आसपास कारखाने होते. त्या जुन्या मोठ्या कारखान्यांपैकी सिगार करणारी इमारत आता ही एकच. आतल्या यंत्रांतली बरीचशी १९३० च्या दशकातली आहेत. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून ते कारखान्याच्या स्वतःच्या कार्यशाळेतच घडवतात. यंत्र म्हटले तरी माणसावाचून ते हलत नाही. चालवणारी बाई ओलसर पान हातात घेते, बोटांनी सुरकुत्या काढून ते साच्यावर पसरते, मग पाते खाली येऊन ते कापते आणि भरणाभोवती गुंडाळते. पुढच्या पानासाठी तिचा हात तोवर परत गेलेला असतो. यंत्रांच्या खडखडाटापासून दूर एका दालनात लाकडी बाक मांडले आहेत. तिथे मोजके कारागीर सिगार हाताने वळतात. पाहुण्यांचा घोळका भोवती जमला, तरी त्यांची नजर हातातल्या पानावरून हलत नाही. तळघरातून वर आलेल्या गासडीची पाने सुटी करून, एकेक उजेडाला धरून, ते भोक शोधतात. बाहेर मनोऱ्यावर तासाची घंटा पडते.